चाळिशीनंतर आयटीत नोकरी शोधताना: अनुभवी इंजिनिअरसाठी सविस्तर मार्गदर्शक

सॉफ्टवेअर क्षेत्रात वयाचा विषय तोंडावर कोणी काढत नाही. ‘प्रोफाइल जरा हेवी आहे’, ‘बजेटमध्ये बसत नाही’, ‘आम्हाला हँड्स-ऑन माणूस हवा होता’, ‘टीम खूप यंग आहे’ अशी वाक्यं कानावर पडतात. बऱ्याचदा तीही पडत नाहीत. अर्ज जातो आणि पुढे काहीच होत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्याची झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसेल, हेही तेव्हाच सांगितलं गेलं. त्यानंतर हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कितीतरी घरांत हा विषय जेवणाच्या ताटावर आला.

मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूनंही बसलो आहे आणि देणाऱ्यांच्याही. मला ठामपणे सांगावंसं वाटतं ते हे, की अनुभवी माणूस बहुतेक वेळा मुलाखतीत बाद होत नाही. तो त्याच्या आधीच बाद होतो, एकदा पगाराच्या गणितात आणि एकदा शोधाच्या गाळणीत. तिथं त्याचा चेहरा कोणी पाहिलेलाच नसतो. त्यामुळे केस काळे करून आणि बोलण्यात चार नवे शब्द पेरून फारसं काही साधत नाही. मेहनत घ्यायची ती आधीच्या दोन जागी.

हा लेख सेवा देणाऱ्या कंपन्यांत बारा ते बावीस वर्षं काढलेल्या आणि आता नोकरी शोधणाऱ्या किंवा ती वेळ येईल असं वाटणाऱ्या माणसांसाठी आहे.

आधी पिरॅमिडचं गणित

आपल्याकडच्या सेवा कंपन्यांचा धंदा पिरॅमिडवर चालतो. खाली भरपूर फ्रेशर्स, मध्ये थोडे लीड्स, वर एखादा मॅनेजर किंवा आर्किटेक्ट. क्लायंटकडून दर माणसामागे मिळणारा दर सहसा पूर्ण टीमसाठी ठरलेला असतो, आणि नफा ठरतो तो टीमच्या सरासरी खर्चावर.

समजण्यापुरते आकडे घेऊ. दहा जणांची टीम आहे. एक जण ४० लाखांचा, दोघं २० लाखांचे, सात जण ६ लाखांचे. एकूण खर्च १२२ लाख, म्हणजे माणशी सरासरी १२ लाख २० हजार. आता ६ लाखांच्या एका जागेवर ४० लाखांचा दुसरा माणूस बसवला, तर एकूण खर्च १५६ लाख आणि सरासरी १५ लाख ६० हजार होते. क्लायंटचा दर तोच राहतो. डिलिव्हरी हेड तुम्हाला नको म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर तुमचं वय नसतं, ही सरासरी असते. सतरा वर्षांचा अनुभव जास्त उपयोगी असतो हे त्यालाही माहीत असतं. पण त्या कंत्राटात त्या उपयोगाचे पैसे त्याला कोणी देत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. तुमच्यासारखेच ४० लाखवाले आधीच भरलेले असतील अशा पिरॅमिडमध्ये शिरण्यात वेळ घालवू नये, ही पहिली. माणसाची किंमत त्यानं वाचवलेल्या नुकसानावरून ठरते अशी ठिकाणं शोधावीत, ही दुसरी.

पहिली पायरी: नोकरी हातात असतानाच सुरुवात

अडतीस-चाळीसच्या आसपास, सगळं सुरळीत चालू असताना काही कामं उरकून घ्या.

तुमचं काम बिल होतंय, म्हणजे त्याचे पैसे क्लायंट देतोय, की तुम्ही ओव्हरहेडमध्ये, म्हणजे कंपनीच्या वरखर्चात, मोजले जाताय, हे स्पष्ट माहीत करून घ्या. अंतर्गत प्रोसेस, ऑडिट, रिसोर्स मॅनेजमेंट, ‘अकाउंट सपोर्ट’ अशा भूमिकेत शिरलेला माणूस कंपनीला उपयोगी असतो, पण कपात आली की पहिली नजर तिथंच जाते. दोन वर्षं बिलिंग नसेल तर धोक्याची घंटा वाजली आहे असं समजा आणि प्रोजेक्टवर परत जायची धडपड करा.

हातानं काम करणं सुटू देऊ नका. मॅनेजर झाल्यावर कोड, क्वेरी, डिझाइन सगळं सुटतं आणि हातात एक्सेल आणि स्टेटस कॉल उरतात. पुढे नोकरी शोधताना सगळ्यांत अवघड परिस्थिती याच माणसाची होते. त्याला डेव्हलपर म्हणून कोणी घेत नाही, आणि मॅनेजरच्या जागा मुळात कमी. आठवड्यातून एक पुल रिक्वेस्ट (सहकाऱ्यानं तपासायला दिलेला कोडमधला बदल) नीट वाचून तिच्यावर शेरा लिहिणं, महिन्यातून एखादा प्रॉडक्शनचा प्रश्न स्वतः लॉग उघडून शोधणं, एवढं केलं तरी धागा तुटत नाही.

घरचा हिशेबही याच काळात करायचा. घराचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधं धरून किमान नऊ ते बारा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. अनुभवी माणसाला नोकरी मिळायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्याच्यासाठीच्या जागा कमी आणि निवडीच्या फेऱ्या जास्त. पैशाची घाई झाली की माणूस पहिल्या मिळेल त्या ऑफरवर सही करतो आणि वर्षभरात पुन्हा बाहेर पडतो.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. पंचेचाळिशीत मधुमेह किंवा रक्तदाब निघाल्यावर नवी पॉलिसी घ्यायला गेलात, तर आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो. म्हणून स्वतःची कौटुंबिक पॉलिसी नोकरीत असतानाच घेऊन ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. बाहेर पडायची वेळ आलीच, तर गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय शेवटच्या दिवसाच्या आधी एचआरला विचारा.

दुसरी पायरी: कोणत्या दारावर जायचं

पुण्याचं एक वैशिष्ट्य इथं उपयोगी पडतं. हे शहर नुसतं कोड लिहिणारं नाही. इथं चाकण-पिंपरीचा वाहन उद्योग आहे, मोठ्या विदेशी बँकांची तंत्रज्ञान केंद्रं आहेत, विमा आणि पेमेंटवर चालणारं काम आहे. या सगळ्या ठिकाणी धंद्याची जाण असलेल्या माणसाला वेगळा भाव असतो.

पहिलं दार ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटरचं, ज्याला सगळे जीसीसी म्हणतात. बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस, मास्टरकार्ड, जॉन डिअर यांची अशी केंद्रं पुण्यात आहेत. देशात मिळून १,७०० हून अधिक केंद्रं आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं असा अंदाज नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेनं २०२४ मध्ये दिला होता. इथं काम स्वतःच्याच कंपनीसाठी होतं, बिलिंगचा दर नसतो, त्यामुळे पिरॅमिडचं गणित ढिलं पडतं. एखाद्या बँकेच्या सेटलमेंट सिस्टीमवर तुम्ही दहा वर्षं काढली असतील, तर तिथं तुम्ही ‘हेवी’ नसता. मात्र या केंद्रांत मुलाखती कडक असतात आणि सीनियर माणसालाही कोड लिहायला लावतात.

दुसरं दार जुन्या सिस्टीम नव्या करण्याच्या कामाचं, आणि माझ्या मते सध्या सगळ्यांत मोठं दार हेच आहे. कंपन्यांचे हिशेब, खरेदी, साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सॅपनं आपल्या जुन्या ईसीसी प्रणालीची नियमित देखभाल २०२७ च्या अखेरीस थांबवायचं ठरवलं आहे. त्यामुळे जगभरच्या कंपन्या एस/४ हाना या सॅपच्याच नव्या प्रणालीकडे निघाल्या आहेत. त्या स्थलांतरात २००८ साली ते कस्टम प्रोग्रॅम का लिहिले गेले, महिनाअखेरीला कोणता जॉब कोणाआधी चालला पाहिजे, हे सांगणारा माणूस लागतो. तीच गोष्ट मेनफ्रेमवरच्या कोबोलची, जावा ८ वरून पुढे जाणाऱ्या ॲप्लिकेशनची, ओरॅकल फॉर्म्सची. एआयची साधनं जुना कोड वाचून नवा लिहून देतात हे खरं. पण व्याजाची गोळाबेरीज एका विशिष्ट पद्धतीनं का होते आणि ती बदलली तर ऑडिटर काय म्हणेल, हे त्या कोडमध्ये लिहिलेलं नसतं. तुम्हाला ते माहीत असेल तर तेच विका.

तिसरं दार मध्यम आकाराच्या, शंभर-दोनशे माणसांच्या प्रॉडक्ट कंपन्यांचं. त्यांच्याकडे कॅम्पस भरतीचा मोठा ताफा नसतो आणि चुका परवडत नाहीत. प्रॉडक्शन पडलं तर रात्री डोकं शांत ठेवून काम करणारा माणूस त्यांना हवा असतो. पगार थोडा कमी, अधिकार जास्त.

कारखान्यांचे स्वतःचे आयटी विभाग, सहकारी बँका, रुग्णालयं यांच्याकडे आयटीवाले तुच्छतेनं बघतात. ते मला चूक वाटतं. पगार कमी असतो हे मान्य, पण पन्नाशीनंतर शांतपणे दहा वर्षं काम करता येतं.

दार ठरलं की भूमिकाही एकच ठरवा. आर्किटेक्ट, टेक्निकल प्रोग्रॅम मॅनेजर, प्री-सेल्स, डिलिव्हरी मॅनेजर आणि डेव्हलपर अशा पाचही जागांसाठी एकच सीव्ही पाठवणारा माणूस पाचही ठिकाणी अर्धवट दिसतो.

तिसरी पायरी: सीव्ही

जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर, फोटो आणि शेवटचं प्रतिज्ञापत्र हे सगळं काढून टाका. बायोडेटाच्या जमान्यातली ही सवय आहे. दहावी-बारावीचे टक्के आणि साल यांचीही गरज नाही. पदवी आणि संस्था लिहा. पदवीचं साल न लिहिण्यात काही गैर नाही, पार्श्वभूमी पडताळणीच्या वेळी ते देताच.

न लिहिणं आणि खोटं लिहिणं यांत मात्र फरक ठेवा. वीसच्या जागी बारा वर्षांचा अनुभव दाखवणं, मधली एखादी कंपनी गाळून तारखा जुळवणं असले उद्योग काही जण करतात. यूएएनमुळे, म्हणजे पीएफच्या कायम खाते क्रमांकामुळे, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत प्रत्येक कंपनीच्या रुजू आणि बाहेर पडण्याच्या तारखा दिसतात, आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सी तिथंच बघतात. पकडलं गेलं तर रुजू झाल्यानंतरही काढतात, आणि त्या वेळी हातात जुनी नोकरीही नसते.

मांडणी अशी ठेवा: शेवटची दहा-बारा वर्षं तपशिलात, त्याआधीचं सगळं ‘पूर्वीचा अनुभव’ या नावाखाली दोन ओळींत. व्हिज्युअल बेसिक ६ आणि रॅशनल रोझ कौशल्यांच्या यादीत असतील तर काढा. जुन्या सिस्टीमच्या स्थलांतरासाठीच अर्ज करत असाल तरच ते ठेवा, आणि मग ते वरच्या ओळीत आणा.

ओळी कशा लिहायच्या ते उदाहरणानं सांगतो. ‘टीम हँडलिंग, क्लायंट कम्युनिकेशन, रिक्वायरमेंट गॅदरिंग यांचा १८ वर्षांचा अनुभव’ ही ओळ मॅनेजरच्या दर दुसऱ्या सीव्हीवर असते आणि ती वाचून तुमच्याबद्दल काहीही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘विमा दाव्यांची रात्रीची बॅच सकाळी कामकाज सुरू होईपर्यंत संपत नव्हती. डेटाबेसमधल्या दोन मोठ्या जोडण्या वेगळ्या केल्या, इंडेक्स बदलले, बॅच पहाटेच संपू लागली. डिझाइन माझं, कोडचा महत्त्वाचा भाग मी लिहिला.’ काय अडलं होतं, तुम्ही काय केलं, काय बदललं. ‘आम्ही’ किती आणि ‘मी’ किती हे प्रामाणिकपणे वेगळं काढा. मराठी माणूस इथं संकोचतो, सगळं टीमच्या नावावर टाकतो आणि पॅनेलला वाटतं की यानं स्वतः काहीच केलं नाही.

दोन पानं पुरेत.

चौथी पायरी: गाळणी आणि ओळखी

रिक्रूटर नोकरी डॉट कॉमवर माणूस कसा शोधतो हे कळलं की बराच उलगडा होतो. त्याच्याकडे उमेदवार शोधण्याचं वेगळं पान असतं. तिथं तो कीवर्ड टाकतो, अनुभव किमान ८ कमाल १२, पगार अमुकपर्यंत, नोटीस पिरियड ३० दिवसांच्या आत, ठिकाण पुणे, आणि प्रोफाइल अलीकडे वापरात असलेली. तुमचा अनुभव १७ आणि पगार ३८ लाख असेल तर तुम्ही त्या यादीत येतच नाही. त्यानं तुम्हाला नाकारलं नाही, तुम्ही त्याला दिसलाच नाहीत.

अनुभवाचा आकडा खोटा टाकता येत नाही, पण बाकीच्या चौकटी आपल्या हातात असतात. अपेक्षित पगार जितका खरोखर चालेल तितकाच लिहा. ‘सध्याच्या पगारावर ३० टक्के’ हे तरुणपणीचं गणित इथं सोडा. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल आणि कंपनी तो विकत घेऊ देत असेल, तर तसं नोंदवा. रोज थोडा वेळ लॉगिन करा आणि आठवड्यातून एकदा प्रोफाइलमधली एखादी ओळ बदला, म्हणजे ती ताजी राहते. शीर्षकात ‘सीनियर प्रोफेशनल विथ १७ प्लस इयर्स’ लिहिण्याऐवजी काम लिहा: ‘पेमेंट सिस्टीम आर्किटेक्ट, जावा, काफ्का, मेनफ्रेम ते क्लाउड स्थलांतर’.

एवढं करूनही पोर्टल हा तुमचा मुख्य रस्ता नव्हे. मुख्य रस्ता ओळखीचा. आणि इथं वय तुमच्या बाजूनं आहे. ज्या मुलांना तुम्ही २०११ मध्ये डीबगर वापरायला शिकवलं, ती आज कोणत्या ना कोणत्या कंपनीत मॅनेजर आहेत. त्यांच्याशी बोलायला लाज वाटते, हे मी जवळून पाहिलं आहे. ‘माझ्या हाताखालच्या पोराला नोकरी मागू?’ असं वाटतं. खरं म्हणजे त्या मुलांना आनंदच होतो, आणि बऱ्याच कंपन्या रेफरल बोनसही देतात.

मोघम संदेश पाठवू नका. ‘काही ओपनिंग असेल तर सांग’ याला तो ‘नक्की सर’ म्हणतो आणि विसरतो. असा लिहा:

‘अमोल, कसा आहेस? तुझ्या कंपनीच्या साइटवर पेमेंट प्लॅटफॉर्मसाठी प्रिन्सिपल इंजिनिअरची जागा दिसली, जॉब आयडी सोबत दिलाय. मी गेली सहा वर्षं याच प्रकारच्या सिस्टीमवर आहे. जागेच्या वर्णनात (जेडीत) ८ ते १२ वर्षं लिहिलंय, माझी १७ आहेत. त्या लेव्हलच्या पगारावर आणि हँड्स-ऑन काम करायची माझी तयारी आहे. हायरिंग मॅनेजरला हे विचारून सीव्ही पुढे देशील का? नाही जमलं तरी मोकळेपणानं सांग.’

यात त्याचं काम सोपं होतं. पगार आणि पद या दोन शंका तुम्ही आधीच मिटवलेल्या असतात, आणि सीव्ही गाळणीला वळसा घालून थेट माणसाच्या हातात पडतो. जुने क्लायंट, जुन्या कंपनीचे माजी कर्मचाऱ्यांचे ग्रुप, कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडे हाच नियम: एक जागा, एक माणूस, एक स्पष्ट विनंती.

कन्सल्टन्सीवाल्यांपैकी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा ‘प्रोफाइल मार्केटिंग’चे पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. चाळिशीच्या अडलेल्या माणसाला गाठणारी टोळकी आहेत.

पाचवी पायरी: मुलाखत

कोडिंग राउंडचा राग येतो, हे मी समजू शकतो. वीस वर्षं मोठ्या सिस्टीम चालवल्यावर कोणी लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली की अपमान वाटतो. तरी तयारी करा. रोज तासभर, आठ-दहा आठवडे. ॲरे, हॅश मॅप, ट्री, ग्राफ यांवरचे मध्यम पातळीचे प्रश्न पुरतात. त्याहून जास्त वेळ सिस्टीम डिझाइनला द्या, कारण तिथं तुमचा अनुभव दिसतो. तरुण उमेदवार ऐकीव आकृती काढतो. तुम्ही सांगू शकता की कॅशे कधी खोटी माहिती देते, रिट्राय चुकीचा लावला की एकच पेमेंट दोनदा कसं जातं, आणि डेटाबेस फेलओव्हरच्या पाच मिनिटांत फोनवर काय काय चालतं.

एआय साधनांबद्दल विचारलं जाईलच. ‘वापरून पाहिलंय’ हे उत्तर पुरत नाही. एखादं छोटं काम त्या साधनांनी पूर्ण करा आणि त्यानं दिलेल्या कोडमधल्या कोणत्या चुका तुम्ही पकडल्या ते सांगा. चूक पकडणं हे अनुभवी माणसाचंच काम.

आता तो अवघड प्रश्न. समोरचा बत्तीस वर्षांचा मॅनेजर विचारतो, ‘सर, तुम्ही एवढे सीनियर, मला रिपोर्ट करायला तुम्हाला चालेल?’ बहुतेक जण ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून सोडून देतात. त्याच्या मनातली भीती त्यानं जात नाही. त्याला वाटतंय की हा माणूस माझं ऐकणार नाही, किंवा वर्षभरात माझी खुर्ची मागेल. म्हणून थोडं सविस्तर बोला: ‘गेल्या प्रोजेक्टमध्ये माझा लीड माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. आर्किटेक्चरचा एक निर्णय मला पटला नव्हता. मी माझं म्हणणं डिझाइन डॉक्युमेंटमध्ये लिहून दिलं, निर्णय त्याचा राहिला, आणि मी तो पूर्ण ताकदीनं उभा केला. मला लोक सांभाळायचं काम परत नकोय, अवघड तांत्रिक काम हवंय.’ हे तुमच्या बाबतीत घडलेलं असेल तरच सांगा. घडलं नसेल तर स्वतःचा दुसरा खरा प्रसंग आधीच आठवून ठेवा.

पॅनेलला ‘बेटा’, ‘अरे’ म्हणू नका, आणि ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द टाळा. वय विचारलं तर सरळ सांगा. भारतात खाजगी कंपनीनं वय विचारू नये असा कायदा नाही, आणि आढेवेढे घेतल्यानं संशयच वाढतो.

सहावी पायरी: पगाराचं बोलणं

इथं आधी घरी बसून तीन आकडे ठरवा: ज्यात आनंद आहे तो, ज्यात घर नीट चालतं तो, आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो. जोडीदाराबरोबर बसून ठरवा. नंतर ‘एवढ्यावर कशाला हो म्हणालात’ हा वाद नको.

कमी पगार घ्यायला तयार असलेल्या माणसाबद्दल एचआरच्या मनात एकच शंका असते: हा चांगलं मिळालं की पळेल. तिचं उत्तर कारणासकट द्या. ‘माझा सध्याचा पगार लोक सांभाळण्याच्या भूमिकेचा आहे. ही भूमिका तांत्रिक आहे, तिच्या पट्ट्याचा मला अंदाज आहे आणि त्यात मी बसतो. गृहकर्ज संपत आलंय. मला पुढची पाचसहा वर्षं एका जागी काम करायचंय.’ त्यातलं जे खरं असेल तेवढंच बोला.

एकदम अर्ध्यावर उतरू नका. पंधरा-वीस टक्के कमी समजण्यासारखं आहे, पण चाळीसवरून अठरावर आलेल्या माणसाकडे बघून पॅनेलला वाटतं की काहीतरी गडबड आहे. फिक्स्ड कमी होत असेल तर बदल्यात जॉइनिंग बोनस, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार, घरून कामाचे दिवस किंवा आईवडिलांना विमा यांपैकी काहीतरी मागा, आणि ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

खंड पडलेल्या स्त्रियांसाठी

मुलं लहान असताना किंवा सासूसासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडलेली बाई चाळिशीत परत येते, तेव्हा वय आणि खंड अशा दोन गाळण्या तिच्यासमोर असतात. या कर्तबगार बायकांना आपलं क्षेत्र फार सहज हरवून बसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खंड लपवू नका. सीव्हीवर एका ओळीत ‘कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम’ असं सालासकट लिहा. थेट खुल्या जागांवर जाण्याआधी परतीच्या खास योजना बघा. टाटा समूहानं अशी योजना २००८ मध्येच सुरू केली होती, आणि नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही तसे कार्यक्रम काढले. त्यांत खंड ही पात्रतेची अट असते, त्यामुळे गाळणी उलटी चालते. परतण्याआधी एखाद्या ओळखीच्या छोट्या कंपनीचं तीन-चार महिन्यांचं खरं, पैसे देणारं काम केलं, तर सीव्हीच्या वरच्या भागात ताजी तारीख येते. ती तारीख दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त काम करते.

बाहेर काढायची भाषा सुरू झाली तर

‘आजच राजीनामा मेल करा, नाहीतर टर्मिनेशन लेटर देऊ, मग पुढे नोकरी मिळणार नाही.’ असं म्हटलं गेलं तर त्या खोलीत काहीही सही करू नका. ‘लिखित द्या, मी विचार करून कळवतो’ एवढंच बोला. घरी आल्यावर त्या बैठकीचा वृत्तांत तारीख-वेळेसकट स्वतःच्या खाजगी मेलवर लिहून ठेवा. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, मूल्यमापनाची पत्रं तुमची आहेत, ती आधीच घरी असू द्या. क्लायंटचा कोड किंवा कागदपत्रं मात्र चुकूनही बाहेर नेऊ नका, कंपनीला आयतं कारण मिळतं.

कायदा काय देतो? केवळ वयावरून खाजगी नोकरी नाकारण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा भारतात नाही. नोकरीतून काढण्यावर मात्र नियम आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगार ठरणाऱ्या माणसाला कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळायला हवी. व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिना १८ हजारांच्या वर वेतन असलेले पर्यवेक्षक यांना त्यातून वगळलं आहे. कंपन्या लगेच म्हणतात की तुम्ही मॅनेजर आहात. पण न्यायालय पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचं स्वरूप बघतं. जुन्या कायद्याखालच्या अशाच एका दाव्यात चेन्नईच्या कामगार न्यायालयानं २०२२ मध्ये, सात वर्षांपूर्वी काढलेल्या एका अनुभवी आयटी कर्मचाऱ्याला मागच्या पगारासह परत घेण्याचा आदेश दिला. तो मॅनेजर होता हा कंपनीचा मुद्दा न्यायालयानं मानला नव्हता. म्हणून तुम्ही स्वतः कोड लिहिता, टेस्टिंग करता, रजा मंजूर करण्याचा किंवा माणसं घेण्या-काढण्याचा अधिकार तुम्हाला नाही, हे दाखवणारे पुरावे सांभाळा. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करता येते, आणि वाद दोन वर्षांच्या आत न्यावा लागतो. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा प्रकरणांत तक्रारी दाखल करत आली आहे. वकिलाला लवकर भेटा.

राजीनामा दिला असो वा काढलं असो, वेतन संहितेनुसार थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवं. पाच वर्षं पूर्ण असतील तर ग्रॅच्युइटी मिळते: शेवटचं ग्रॅच्युइटीपात्र मासिक वेतन, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. हे वेतन ६० हजार आणि सेवा ११ वर्षं असेल तर सुमारे ३ लाख ८० हजार होतात. सीटीसीतला, म्हणजे कंपनीनं सांगितलेल्या एकूण वार्षिक पगारातला, ग्रॅच्युइटीचा आकडा आणि हातात आलेला आकडा ताडून बघा.

अमेरिकेत असलेल्यांची बाजू वेगळी आहे. तिथं १९६७ च्या फेडरल कायद्यानं चाळीस आणि त्यापुढच्यांना वयावरून भेदभावापासून संरक्षण आहे, कंपनीत वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर. पैसे घेऊन दावा सोडण्याच्या करारावर सही मागितली, तर विचाराला २१ दिवस, सामूहिक कपात असेल तर ४५ दिवस, आणि सही केल्यावरही मागे घ्यायला ७ दिवस मिळतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले आपले लोक, नोकरी गेल्यावर तिथं राहायला मिळणाऱ्या ६० दिवसांच्या मुदतीच्या धास्तीनं पहिल्याच दिवशी सही करून मोकळे होतात. व्हिसाची मुदत आणि कराराची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत. सही करण्याआधी रोजगार-कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा.

तुम्ही भरती करणारे असाल तर

हा लेख वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण आज पॅनेलवरही बसत असतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. जेडीत ‘८ ते १२ वर्षं’ लिहिण्याऐवजी ‘किमान ८’ लिहा आणि पगाराचा पट्टा उघड करा. ज्याला तो परवडत नाही तो स्वतःच थांबेल. रिक्रूटरला सांगा की शोधताना कमाल अनुभवाची चौकट रिकामी ठेव. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारा आणि गुण मुलाखत संपताच लिहा, इतरांशी बोलायच्या आधी. नकाराच्या रकान्यात ‘ओव्हरक्वालिफाइड’ आणि ‘कल्चर फिट नाही’ हे दोन शेरे बंद करा. कोणतं काम त्याला जमणार नाही, ते नेमकं लिहायला सांगा. लिहिता आलं नाही, तर त्या उमेदवाराला पुढच्या फेरीत पाठवा.